आईला 'काळ्या मेंदी'ची ॲलर्जी झाली, आता खरी मेंदी कशी लावायची? (मदत हवी आहे)

ऐरोलीवाला

नमस्कार मंडळी. धागा केसांच्या मेंदीचा आहे आणि काढणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर फारसं काही उरलेलं नाही, तेव्हा आधी हसून घ्या आणि मग मदत करा.

झालंय असं की आई (वय ६८) कित्येक वर्षं घरीच केस रंगवते. किराणा दुकानात माळेला लटकवलेले सॅशे असतात ना, काळी मेंदी लिहिलेले, पाण्यात कालवायचं, अर्ध्या तासात धुवायचं, केस काळेभोर, तेच. मधे मधे कपाळाच्या कडेला खाज यायची तर म्हणायची घामाने होतंय, ऐरोलीच्या उकाड्यात कोणाला खाजत नाही. या वेळी लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या एवढ्या सुजल्या की डोळे उघडेनात, कानामागून पाणी यायला लागलं, मानेवर लाल चट्टे. स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघताक्षणी विचारलं, केसांना काय लावता? आई म्हणे काही नाही हो, साधी मेंदी. डॉक्टरबाईंनी मला घरी पाठवून कचऱ्याच्या डब्यातलं पाकीट आणायला लावलं. पुढच्या बाजूला हिरवं पान, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात पॅरा-फिनिलिनडायमिन म्हणजे पीपीडी, केस काळे करणारं केमिकल, आणि त्याखाली इशारा की त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. हे सगळं आमच्या बाथरूमच्या फळीवर इतकी वर्षं पडून होतं!

गोळ्या, मलम झालं, सूज गेली, कातडी आता बरी आहे. पण डॉक्टर म्हणाल्या ही ॲलर्जी जात नाही, यापुढे पीपीडी असलेलं काहीही लावायचं नाही, पुढच्या वेळी याहून जोरात होऊ शकतं. शुद्ध मेंदी चालेल का विचारलं तर म्हणाल्या चालावी, पण आधी हातावर लावून बघा.

आता खरा प्रॉब्लेम. डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न आहे आणि आईला पांढऱ्या केसांनी उभं राहायचं नाहीये. आजी दिसेन म्हणते. अगं तू आजीच आहेस नवरीची, हे सांगून झालं, त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. आणि नुसत्या मेंदीने केशरी डोकंही नको आहे, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तसं करतात आणि आई त्यांना वर्षानुवर्षं नावं ठेवत आलीय.

तर प्रश्न असे की पाकिटात खरी मेंदी आहे हे ओळखायचं कसं, काळा नाही तर निदान चॉकलेटी रंग पीपीडीशिवाय येतो का, लोखंडी कढईचं काय खरं काय खोटं, आणि कोणीतरी नीळ घाला म्हणालं तर ती कुठली नीळ, कारण आईने लगेच कपड्यांच्या निळीची बाटली काढली. लावणार मी आहे, बायकोची दुपारची शिफ्ट असते. तेव्हा अगदी पहिलीतल्या मुलाला सांगतात तसं सांगा.

दुपारचा_चहा

अरेरे, काकूंना सांभाळा. माझ्या आत्याची कृती देते, आम्ही सगळ्या तीच करतो. मेंदी, आवळा पावडर, शिकेकाई, थोडा कात, चहाचं उकळलेलं पाणी, कॉफी, बीटाचा रस, अर्धं लिंबू, दही, एक अंडं, सगळं लोखंडी कढईत रात्रभर. सकाळी लावायचं. केस काय सुंदर होतात!

कळव्याचा_कावळा

भाजी झाली की मेंदी? फोडणी कधी घालायची?

सोनटक्का

ऐरोलीवाले, आधी ती कपड्यांची निळीची बाटली परत कपाटात ठेवा. केसांची नीळ म्हणजे नीळ नावाच्या झुडपाच्या वाळलेल्या पानांची हिरवट पूड, 'इंडिगो पावडर' म्हणून मिळते. कपड्यांची नीळ वेगळाच प्रकार, तो डोक्याला लावायचा नसतो.

मी नेरूळला राहते, नोकरी रंगांच्याच धंद्यात गेली, म्हणून जरा पाल्हाळ लावते. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, ते केसातल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतं. त्याचा रंग एकच, केशरी ते तांबडा. काळी मेंदी असं झाड जगात कुठेच नाही. पाकिटावर काळी लिहिलं असेल आणि अर्ध्या तासात काळं होत असेल तर ते काम पीपीडी किंवा त्याच्या भावंडांचं, मेंदी आत चवीपुरती. आणि काकूंना वर्षानुवर्षं काही झालं नाही हेही या ॲलर्जीत नेहमीचंच आहे, शरीर हळूहळू बिथरतं आणि मग एक दिवस कडेलोट. 'अमोनिया फ्री' लिहिलेलं बघून भुलू नका, अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही असं होत नाही. टोल्युइन डायमिन लिहिलेलं असेल तरी नको, पीपीडीवाल्यांना त्यानेही त्रास होऊ शकतो.

ओळखायचं कसं तर घटकांच्या यादीत फक्त मेंदीची पानं असायला हवीत, शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. बाकी एकही केमिकल नाव नको. घटकच छापलेले नसतील तर घेऊच नका, सुटी तर नकोच. राजस्थानातल्या सोजतची मेंदी चांगली समजतात, तिला २०२१ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण सोजत हे नाव आता जो तो छापतो. घरी भिजवल्यावर बघा, खरी मेंदी हिरवी असते आणि वरचा थर काही तासांनी तपकिरी होत जातो. कालवल्या कालवल्या काळी पडली की बादलीत ओता.

रंगाचं पुढच्या पोस्टमध्ये, कुकर झाला.

घोडबंदरग्रस्त

आमच्याकडे टँकर आणि बोअरिंगचं मिळून जे पाणी येतं त्यात केस धुतले की आधीच राठ होतात आणि वर मेंदी लावली की विचारूच नका. मी आता भिजवायला फिल्टरचं पाणी घेते आणि शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याच्या एका कळशीने करते, फरक पडतो. तुम्ही नवी मुंबईवाले मोरबे धरणाचं पाणी पिता, तुम्हाला काय कळणार आमचं दुःख.

सोनटक्का

हं, आले.

दुपारचा_चहा, राग मानू नका पण दही आणि अंडं काढा त्यातून. लॉसोन प्रथिनाला चिकटतं, तुम्ही भांड्यातच प्रथिन घातलंत तर ते तिथेच अडकणार, केसापर्यंत कमी पोचणार. मऊपणा येतो तो दह्याचा, रंग फिका होतो. बीटाचा रस पहिल्या धुण्यात वाहून जातो. कॉफीने वास छान येतो, एवढंच.

लोखंडी कढई मात्र अगदीच थाप नाही. आवळा आणि चहा यांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते लोखंडाशी भेटलं की काळपट होतं, जुन्या काळी शाई अशीच करायचे. त्यामुळे तांबडा रंग जरा गडद होतो. पण त्याने पांढऱ्याशुभ्र केसांवर काळा येईल ही आशा धरू नका, आणि गंजलेली कढई तर नकोच. मी साधं स्टीलचं पातेलं वापरते, काही बिघडत नाही.

काळा किंवा चॉकलेटी हवा तर मेंदी आणि नीळ. मेंदी रात्री कोमट पाण्यात भिजवा, थोडं लिंबू चालेल, इडलीच्या पिठाएवढी घट्ट. खांद्यापर्यंत केस असतील तर शंभर ग्रॅम पुरते. केस आदल्या दिवशी शाम्पूने धुतलेले, कोरडे, तेलाचा थेंब नाही. इथे बहुतेक जणी चुकतात, मेंदीने केस कोरडे होतात म्हणून आधीच चंपी करून बसतात आणि मग रंग चढत नाही म्हणून ओरडतात. तेल नंतर लावा, दोन-तीन दिवसांनी. मेंदी दोन-तीन तास ठेवायची, नुसत्या पाण्याने धुवायची.

मग नीळ. ही रात्रभर भिजवायची नाही! कोमट पाणी, चिमूटभर मीठ, लिंबू अजिबात नाही, झाकून दहा-पंधरा मिनिटं. वर निळसर झाक आली की लगेच लावायची, उशीर झाला की तिची ताकद जाते. वास ओल्या पालेभाजीसारखा येतो, घाबरू नका. तासभर ठेवून धुवा. आधी मेंदी मग नीळ केलं तर काळा येतो. चॉकलेटी हवा तर भिजलेली मेंदी आणि ताजी नीळ साधारण निम्मी निम्मी एकत्र करून एकदाच लावा. काकूंच्या वयाला मला तरी चॉकलेटीच बरा वाटतो, पुढे मुळं पांढरी दिसली तरी काळ्याइतकी टोचत नाहीत.

पहिल्या दिवशी नीळ हिरवट दिसू शकते. दोन दिवस हवा लागली की गडद होते. तोवर शाम्पू नाही आणि आरशासमोर रडारड नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी मेंदी वेगळी आणि नीळ वेगळी, दोन्ही कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी लावून धुवा आणि ४८ तास बघा. पीपीडीची रिॲक्शन उशिरा येते, आणि पाकिटात गुपचूप घातलेला असेल तर असाच सापडेल. नैसर्गिक म्हणजे कोणालाच काही होत नाही असंही नाही, निळीचीसुद्धा ॲलर्जी असते काहींना.

पळसपान

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पांढरे ठेवावेत की हो. आजकाल किती ग्रेसफुल दिसतात बायका पांढऱ्या केसात. स्वीकारायला शिकलं पाहिजे.

ऐरोलीवाला

पळसपान, आईचा नंबर देऊ का? तुम्हीच सांगा तिला.

सोनटक्का ताई, तुमचं सगळं कागदावर उतरवून घेतलंय. एक शंका, हातावरची चाचणी त्वचेची झाली, पण रंग कसा येईल हे आधी कळायचा काही मार्ग? डोक्यावर लावल्यावर हिरवं झालं तर मला घर सोडावं लागेल.

सोनटक्का

गुंतवळ! काकू विंचरतात तेव्हा फणीत येतं ते टाकू नका म्हणावं. पांढऱ्या केसांची बट दोऱ्याने बांधा, त्यावर प्रयोग करा, दोन दिवस खिडकीत ठेवा. डोकं वाचेल.

कोपरीची_माई

गुंतवळ खिडकीत ठेवत नाहीत हो, कावळे नेतात. आमच्यात नाही चालत.

कळव्याचा_कावळा

मी काही नेणार नाही. शपथ.

ऐरोलीवाला

अपडेट देतो, काही जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलंय.

मेंदी आणि नीळ ठाण्याला जांभळी नाक्याजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणली, सीलबंद, घटक वाचून. दुकानदार मला तीच ती काळी पाकिटं दाखवत होता, साहेब हे घ्या झटपट होतं. चाचणी झाली, दोन्हीला काही नाही, डॉक्टरांना हाताचा फोटो पाठवला, त्यांनी पुढे जा म्हटलं. गुंतवळीच्या तीन जुड्या केल्या, नुसती मेंदी, निम्मी निम्मी आणि आधी मेंदी मग नीळ. फ्रिजवर वाटीत ठेवल्या (माईंचा मान राखून, खिडकीत नाही). तिसऱ्या दिवशी आईपुढे मांडल्या तर साड्या निवडते तशा उजेडात धरून, उलट्यासुलट्या करून शेवटी निम्मी निम्मीवर बोट ठेवलं.

रविवारी लावली. मुळांपर्यंत पोचवायला ब्रशपेक्षा बोटं बरी पडतात, भांग पाडत पाडत मागून पुढे आलं की राहून जात नाही, आणि ग्लोव्हज फाटका असेल तर ऑफिसात आठवडाभर चौकशी होते. कपाळाला आणि कानांना आधी खोबरेल लावलं होतं त्यामुळे कातडीवर रंग कमी आला. आई मधेच सर्दी होईल म्हणून कुरकुरली म्हणून पंखा बंद, आणि मी घामाने निथळतोय.

धुतल्यावर खरंच हिरवट तपकिरी. आई एक शब्द बोलली नाही, ते जास्त भीतीदायक होतं. मंगळवारपर्यंत छान चॉकलेटी झाले, कपाळाजवळ जरा तांबूस राहिलेत. खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये विचारत होते कुठलं प्रॉडक्ट. खाज नाही, चट्टे नाहीत.

आता लग्नाआधी पुन्हा सगळं करायचं की नुसती मुळं?

सोनटक्का

नुसती मुळं, महिन्याने. दर वेळी टोकांपर्यंत लावलं तर टोकं काळी आणि कोरडी होत जातात. कपाळाजवळ निळीचं प्रमाण जरा वाढवा, तिथले केस हट्टी असतात.

आणि एक महत्त्वाचं. लग्नात मेंदीचा कार्यक्रम असेलच. हातावर पटकन गडद चढणारे काळे कोन असतात त्यातही पीपीडी सापडतो, आणि काकू नातीच्या मेंदीला हात पुढे करणारच. मेंदीवालीला आधीच सांगून ठेवा, काकूंच्या हातावर घरी भिजवलेल्या मेंदीचा कोन. लग्नाच्या दिवशी पार्लरवालीने टचअप म्हणून काळं काही काढलं तर तेही नाही, घटक वाचल्याशिवाय काहीच नाही.

ऐरोलीवाला

कोनाचं डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीने मेंदीवाली ठरवलीय कालच, तिला आत्ताच फोन लावतो.