‘मोल्लितिया’ला ‘मार्दव’ म्हणू नका

सांजवात (धागाकर्ती)
लॅटिन शिकता शिकता रोमन सेनापती सीझरच्या गॉलमधल्या (साधारण आजच्या फ्रान्समधल्या) युद्धवृत्तांताचं मराठी करते आहे. सातव्या भागात एका शब्दापाशी अडले: मोल्लितिया. मूळ अर्थ मऊपणा, विशेषण मोल्लिस. भाषाशास्त्रज्ञ मोल्लिस आणि आपला ‘मृदू’ एकाच मुळातले मानतात. त्यामुळे वाचनगटातल्या मित्राने सरळ ‘मार्दव’ सुचवलं. मला ते साफ नामंजूर आहे.

आपल्याकडे मार्दव हा गुण. गीतेच्या सोळाव्या अध्यायात ते दैवी संपत्तीत येतं, जैनांच्या दशलक्षण पर्वात उत्तम क्षमेनंतर उत्तम मार्दवाचा दिवस असतो. रोमन माणसाला मात्र मोल्लितिया म्हटलं की ती शिवीच. त्यांचा सर्वांत मोठा गुण ‘विर्तुस’. तो ‘विर’ म्हणजे पुरुष या शब्दावरून आलेला, आणि मोल्लितिया त्याच्या नेमकी उलट. शत्रूला, राजकारणातल्या विरोधकाला, ऐषारामी श्रीमंताला हाणायचा हा शब्द. भाषांतरात त्याला मार्दव म्हटलं, तर वाचकाला वाटेल की कोणीतरी कौतुक करतंय. मुळं सारखी असली म्हणून संसार सारखे होत नाहीत. मी ‘लेचेपणा’ लिहिलं आहे.

कोरा कागद
सहमत नाही. शब्द एका शिवीपुरता नसतो. वैद्यकात बघा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे डॉक्टर हाडं मऊ पडण्याच्या आजाराला ‘मोल्लितिएस ओस्सियुम’ लिहीत. त्याच शब्दाचं हे दुसरं रूप. 1840च्या दशकात लंडनच्या एका रोग्याला हेच निदान झालं होतं. त्याच्या लघवीत डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांना एक वेगळंच प्रथिन सापडलं, आणि 1848 साली त्यांनी त्यावर निबंध छापला. तो रोग पुढे मल्टिपल मायलोमा ठरला, म्हणजे अस्थिमज्जेचा कर्करोग. बेन्स जोन्स प्रथिन हे नाव आजही चालू आहे. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडं मऊ पडतात त्याला मराठीत काय म्हणतात? अस्थिमार्दव! तिथे कोणाला वाटलं का, हाडांचं कौतुक चाललंय? शाळेच्या पुस्तकात मोलुस्का म्हणजे ‘मृदुकाय’. मराठीने हा सांधा आधीच जुळवलेला आहे. तुम्ही तो का उसवता?

सांजवात
अस्थिमार्दव मान्य. हाडाला चारित्र्य नसतं, तिथे मार्दव निरुपद्रवी आहे. माझा प्रश्न माणसाच्या मोल्लितियाचा.

पाटपाणी
ताई, ‘लेचेपणा’ लिहून तुम्ही रोमनांना सांभाळून घेताय. वार्रो नावाच्या रोमन पंडिताने ‘मुलिएर’, म्हणजे स्त्री, हा शब्दच मोल्लितिएसवरून आला असं सांगितलं होतं. एक अक्षर बदललं, एक गाळलं, आधी ‘मोल्लिएर’ होतं म्हणे. लाक्तांतियुस या ख्रिस्ती लेखकाने ते नोंदवून ठेवलंय. व्युत्पत्ती म्हणून ती आज कोणी धरत नाही, पण रोमनांच्या मनात काय होतं ते त्यातून दिसतं. मऊ म्हणजे बाई, आणि बाईसारखा पुरुष म्हणजे हीन. मग मराठीतही तोच ओरखडा उमटू द्या. ‘बायलेपणा’ लिहा. लहानपणी हा शब्द मी स्वतः ऐकून घेतलाय, तो किती लागतो ते मला ठाऊक आहे. मूळ मजकुरातलं विष काढून टाकायचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

कोरा कागद
पण सगळे रोमन तसे नव्हते. प्रोपेर्तियुस प्रेमकविता लिहितो आणि आपल्या पुस्तकाला स्वतःच ‘मोल्लिस’ म्हणतो. सिसेरो या रोमन वक्त्याने इ.स.पू. 44 मध्ये ‘कर्तव्यांविषयी’ लिहिताना चालण्याबोलण्याबद्दल बजावलं की बायकी किंवा मऊ काही नको, आणि कठोर किंवा गावंढळही काही नको. म्हणजे टणकपणाही दोषच. मऊपणा कुठवर, हा खरा वाद होता. तुम्ही दोघं त्याला एकाच रंगात बुडवताय.

पाटपाणी
सिसेरोने ‘मऊ’च्या शेजारी ‘बायकी’ ठेवलंय, हे तुम्हीच आत्ता लिहिलंत.

सांजवात
पाटपाणी, तुमचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. म्हणून तो उतारा पुन्हा उघडला. प्रसंग सांगते, कारण सगळं त्यावर अडलंय.

इ.स.पू. 52. अलेसिया या डोंगरावरच्या गावात गॉल लोक अडकलेत, भोवती सीझरचा वेढा. धान्य संपलंय, मदतीला येणाऱ्या फौजेचा पत्ता नाही. सभेत काही म्हणतात शरण जाऊ. काही म्हणतात, अंगात ताकद आहे तोवर बाहेर पडून तुटून पडू. तेव्हा क्रितोग्नातुस नावाचा गॉल सरदार उठतो. शरण जाणाऱ्यांना तर तो बोलण्याच्या लायकीचेही समजत नाही. त्याचा मोल्लितियाचा वार आहे दुसऱ्या गटावर, तुटून पडू म्हणणाऱ्यांवर! थोडे दिवस उपासमार सोसवत नाही, ही मनाची मोल्लितिया आहे, विर्तुस नाही, असं तो म्हणतो. आणि पुढे: आपणहून मरायला धावणारे सहज मिळतात, वेदना धीराने सोसणारे मिळत नाहीत.

म्हणजे तलवार घेऊन मरायला निघालेल्यांना तो मऊ म्हणतोय. इथे ‘बायलेपणा’ कसा बसेल? मराठीत ‘सोशिक’ हे विशेषण आपण कोणाला लावतो? आईला, सुनेला. क्रितोग्नातुस जे मागतोय ते आपल्याकडे बाईच्या खात्यात जमा आहे. आणि माझा ‘लेचेपणा’ही पडला, हे कबूल करते. लेचापेचा माणूस चाल करून जात नाही.

दगडी पाटी
हा धागा ॲरिस्टॉटलपर्यंत जातो. त्याच्याकडे ग्रीक ‘मलाकिया’, मऊपणा, हा तग धरण्याच्या विरुद्ध. त्याचं उदाहरण साधं आहे: अंगावरचं वस्त्र उचलून धरायचा त्रास नको म्हणून ते जमिनीवर फरफटू देणारा माणूस. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हेच उचललं. चिकाटीच्या विरुद्ध त्याने दोन दोष ठेवले, एका बाजूला मोल्लितिएस, दुसऱ्या बाजूला हटवादीपणा. तुमच्या उताऱ्याला ‘सोसवत नसणे’ हाच अर्थ लागू आहे.

पाटपाणी
या उताऱ्यापुरतं मागे घेतो. दुसऱ्या जागी घेणार नाही. मात्र क्रितोग्नातुसला धीराचा पुतळा करू नका. सोसायचं कसं, यावर त्याचा सल्ला काय होता? लढाईला निरुपयोगी झालेल्यांना मारून खा. सीझरने स्वतः त्याला अघोरी क्रौर्य म्हटलंय. शेवटी गॉलांनी मांदुबी लोकांना, ज्यांचं ते गाव होतं त्यांनाच, बायकामुलांसकट बाहेर काढलं. ते रोमनांच्या तटाशी येऊन रडले, आम्हाला गुलाम करा पण खायला द्या म्हणाले. सीझरने त्यांना आत घेतलं नाही. दोन फौजांच्या मधल्या पट्टीत ती माणसं राहिली. दुसऱ्याला ‘मऊ’ म्हणून हिणवणाऱ्याच्या तोंडून हा शब्द आलाय, हे मराठीत ऐकू आलं पाहिजे.

कोरा कागद
मग ‘मऊ’ हाच शब्द ठेवा ना. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, असं आपण म्हणतोच. मऊला आपल्याकडे मायाही आहे आणि हिणवणंही.

सांजवात
आज ओळ अशी लिहिली: ‘चार दिवसांची उपासमार सोसवत नाही, याला शौर्य म्हणता? मनं मऊ पडलीत तुमची.’ मांदुबींचा परिच्छेद अजून करायचाय. तिथे सीझर एकही विशेषण वापरत नाही, म्हणून मीही घालणार नाही.