मे महिन्यातील पावसाने रान भिजलेले असताना सोयाबीनची पेरणी केव्हा करावी आणि दुबार पेरणीच्या खर्चाची तरतूद कशी ठेवावी?

प्रश्न: औसेकर (जि. लातूर), जून २०२५

नमस्कार. आमची औसा तालुक्यात नऊ एकर भारी काळी जमीन आहे. सात एकरांवर सोयाबीन आणि दोन एकरांवर तूर घेण्याचा विचार आहे. यंदा मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाच्या पावसाने उसंतच दिली नाही, आणि तो थांबतो न थांबतो तोच २५ मे रोजी मोसमी पाऊस तळकोकणात पोहोचल्याची बातमी आली. नांगरट वेळेवर झाली होती, परंतु ढेकळे उन्हात तापण्याआधीच भिजल्यामुळे ती फोडण्याची मोगडणी आणि रान भुसभुशीत करणाऱ्या कुळवाच्या पाळ्या राहून गेल्या. रानात आता तणाची हिरवी लव दिसू लागली आहे.

शिवारातील काही जणांनी चाड्यावर मूठ धरली आहे, म्हणजे पेरणी सुरू केली आहे. ‘ओल भरपूर आहे, लवकर पेरले तर रब्बीचा हरभराही लवकर येईल,’ असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरीकडे कृषी विभाग घाई करू नका असे सांगतो. शिफारशीत ७५ ते १०० मिलिमीटर पावसानंतर पेरणी करावी असे म्हटले आहे. एवढा पाऊस आमच्याकडे मे महिन्यातच होऊन गेला, तर तो या हिशेबात धरावा का? पीककर्जाची रक्कम हाती आली आहे, परंतु ती एकाच पेरणीपुरती आहे. बियाणे उगवले नाही तर दुसऱ्यांदा पैसे कोठून उभे करावेत, हा माझा खरा प्रश्न आहे.

उत्तर: निवृत्त कृषी सहायक, परभणी

औसेकर, मे महिन्यातील पाऊस पेरणीच्या हिशेबात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ७५ ते १०० मिलिमीटरच्या शिफारशीचा हेतू केवळ जमीन एकदा भिजावी एवढा नसून, पाऊस स्थिरावला आहे आणि पेरणीनंतर रोपांना पुढची ओल मिळेल याची बऱ्यापैकी खात्री व्हावी, असा आहे. मे महिन्याच्या पावसाने खालच्या थरात ओल साठते आणि ती पुढे पिकाला उपयोगीही पडते. परंतु सोयाबीनचे बी ज्या ३ ते ५ सेंटिमीटरच्या थरात पडते, तो वरचा थर जूनच्या वाऱ्याने आणि उन्हाने आठवडाभरात वाळतो. अशा वेळी बी फुगते, कोंब फुटतो आणि मुळी ओलीपर्यंत पोहोचण्याआधीच रोप मान टाकते. मोसमी पाऊस लवकर आला म्हणजे तो सलग पडत राहील असे मुळीच नाही.

याच्या उलट, रान अजून ओले गच्च असेल तर वेगळेच नुकसान होते. भारी काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि तिच्यातील हवेची जागा पाण्याने भरते. बियाला उगवण्यासाठी ओलीइतकीच हवाही लागते. ती न मिळाल्यास ते जमिनीतच कुजते. त्यात अशा रानात ट्रॅक्टर घातला तर चाकाखालची माती दाबून घट्ट थर तयार होतो आणि तो संपूर्ण हंगाम मुळांना आडवा येतो. मुळांवरच्या गाठींनाही हवा लागते, त्यामुळे दाबलेल्या पट्ट्यात पीक पिवळे पडलेले ऑगस्टमध्ये लांबूनही ओळखू येते. पुढे जोराची सर येऊन ऊन पडले की वर मातीची कडक खपली धरते. सोयाबीनचा कोंब दोन्ही दले डोक्यावर घेऊन वर येत असल्यामुळे ती खपली फोडताना त्याची मान मोडते. ज्वारीचा कोंब सुईसारखा निघतो, तशी सोय सोयाबीनला नाही.

त्यामुळे तारखेपेक्षा वाफसा, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असलेली स्थिती, पाहावा. बांधाकडेची नव्हे, तर रानाच्या मधली माती वीतभर खोल उकरून घ्या, मुठीत दाबून तिचा गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा पडून विस्कटला तर वाफसा आला असे समजावे. तो पडून नुसता चपटा झाला किंवा बोटांना चिकटून राहिला, तर थांबावे. एकाच शेतातील उंच आणि सखल भागांत दोन-चार दिवसांचा फरक पडतो, म्हणून ही परीक्षा तीन-चार ठिकाणी करावी.

थांबण्याचा एक मोठा फायदाही आहे. तण आता उगवून आले आहे. वाफसा येताच कुळवाची हलकी पाळी दिली तर तणाचा पहिला लोंढा पेरणीआधीच मोडतो आणि तणनाशकाचा व खुरपणीचा खर्च कमी होतो. मात्र रोटाव्हेटरने माती पिठासारखी करू नका, कारण खपली अशाच मातीवर लवकर धरते. सोयाबीनची पेरणी साधारण १५ जुलैपर्यंत करता येते, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात धास्ती घेण्याचे कारण नाही. उडीद आणि मूग घ्यायचे असते तर मात्र मी एवढे निवांत राहा म्हटले नसते, कारण त्यांना उशीर सोसत नाही.

घरचे बियाणे वापरणार असाल तर उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. ओल्या गोणपाटावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजा. ७० किंवा त्याहून अधिक निघाले तर नेहमीचे प्रमाण पुरेसे आहे. काढणीच्या वेळी भिजलेले सोयाबीन दिसायला चांगले असले तरी उगवणीत दगा देते.

उत्तर: इलिनॉयवासी

मी मूळची लातूर जिल्ह्यातील असून सध्या अमेरिकेत इलिनॉय राज्यात पीकविम्याच्या कामात आहे. आपल्या प्रश्नाशी फार जवळची परिस्थिती येथे २०१९ च्या वसंत ऋतूत उद्भवली होती. एप्रिल-मे महिन्यांत पाऊस थांबेना. २६ मेपर्यंत देशातील मक्याची ९० टक्के पेरणी होणे नेहमीचे असताना ती त्या वर्षी ५८ टक्क्यांवर अडकली होती, आणि इलिनॉयमध्ये तर केवळ ३५ टक्क्यांवर होती. शेवटी देशभरात सुमारे १ कोटी ९४ लाख एकर क्षेत्रावर पेरणीच होऊ शकली नाही.

त्या वेळी शेतकऱ्यांपुढचा प्रश्न मातीचा होता तसाच पैशाचाही होता. येथील पीकविम्यात पेरणी न होऊ शकल्याचे संरक्षण असते. ठरलेल्या अंतिम तारखेपर्यंत पेरणी शक्य झाली नाही, तर मक्यासाठी हमी रकमेच्या ५५ टक्के आणि सोयाबीनसाठी ६० टक्के भरपाई ही मूळ तरतूद आहे. त्या तारखेनंतर पेरल्यास हमी दररोज एक टक्क्याने घटते. त्यामुळे चिखलात पेरून कमी उत्पादनाची जोखीम घ्यावी की रान मोकळे ठेवून भरपाई घ्यावी, याचा हिशेब प्रत्येक घरात मांडला गेला. ज्यांनी ओल्या रानात यंत्र घातले, त्यांच्या पेरणीच्या तासांच्या (चरांच्या) बाजू यंत्राच्या तव्यांनी लिंपल्यासारख्या घट्ट झाल्या आणि मक्याची मुळे त्या फटीतच लांबीने वाढली, बाजूला पसरली नाहीत. पुढे ऊन तापताच अशी शेते सर्वांत आधी सुकली.

हे लिहिण्याचे कारण एवढेच की, येथील शेतकऱ्याला थांबण्यासाठी विम्याचा आधार होता. आपल्याकडे तो आहे का, हे आपण आधी पाहून घ्यावे.

उत्तर: गटसचिव, विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था

ताईंनी विचारलेल्या मुद्द्याचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत पूर्वी अधिसूचित क्षेत्रातील ७५ टक्क्यांहून अधिक पेरणी होऊ शकली नाही तर विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाईची तरतूद आपल्या राज्यातही लागू होती. मे २०२५ च्या शासन निर्णयाने राज्याने ती काढली. स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीपश्चात नुकसान याही तरतुदी तिच्याबरोबर गेल्या. त्या निर्णयानुसार भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, आधारित राहील, आणि खरिपासाठी शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयाऐवजी विमा रकमेच्या दोन टक्के असेल. म्हणजे बियाणे कुजले आणि दुबार पेरणी करावी लागली, तर त्या खर्चाला विम्यातून एक पैसाही येणार नाही. शेतकऱ्याला सर्वांत आधी लागणारे संरक्षण सर्वांत आधी काढले गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून ही तरतूद आपण स्वतःच करावी. औसेकर, आपल्या सात एकरांचा ढोबळ हिशेब मांडतो. तीस किलोची पिशवी ३,००० रुपये, पेरणी यंत्राचे भाडे ९०० रुपये आणि बीजप्रक्रियेचे २०० रुपये धरले, तर दुबार पेरणीचा खर्च एकरी ४,१०० रुपये, म्हणजे एकूण २८,७०० रुपये होतो. खत पुन्हा द्यावे लागत नाही, कारण पहिल्या पेरणीत दिलेले स्फुरद (फॉस्फरस) बहुतांश जमिनीतच राहते. २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला असला तरी बाजारात ४,२०० रुपये मिळाले, तर दुबार पेरणी म्हणजे एकरी जवळजवळ एक क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल उताऱ्यात हा वाटा लहान नाही.

पीककर्ज प्रतिहेक्टरी ठरलेल्या दराने मिळते. दोनदा पेरले म्हणून ते वाढत नाही. तेव्हा हाती आलेल्या रकमेतून सगळी खते एकदम भरू नका. डीएपी खत आता घ्या, परंतु फवारणीची औषधे लागतील तशी घ्या आणि निदान तीन-चार एकरांच्या बियाण्याचे पैसे खात्यावर राहू द्या. दुकानातील उधारी महिन्याला शेकडा दोनने वाढत गेली तर वर्षाला चोवीस टक्के होतात. याउलट तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राची व राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येते. ही सवलत मुदत चुकली की जाते, म्हणून दुबार पेरणीचे संकट आले तरी कर्जाची फेड त्यात अडकू देऊ नका. बियाण्याची पावती, पिशवीवरचे लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवा. उगवण न होण्यास बियाणेच कारणीभूत असेल तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे त्याच गोष्टी लागतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: औसेकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज रानाच्या मध्यभागी मातीचा गोळा करून पाहिला. उंच भागात तो विस्कटतो आहे, ओढ्याकडच्या दोन एकरांत मात्र चपटा होतो. तो तुकडा दरवर्षीच पाणी साचून चिबडतो. उंच भागात कुळवाची पाळी देऊन पावसाची वाट पाहणार आहे. ओढ्याकडच्या तुकड्याचे काय करावे, एवढेच विचारावेसे वाटते.

उत्तर: मेहकरकर (जि. बुलढाणा)

दादा, आमच्याकडे अशा तुकड्यात रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी केल्यापासून फरक पडला आहे. बीबीएफ यंत्राने वरंब्यावर पेरले की जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते, आणि मध्येच पावसाने ओढ दिली तर सरीत मुरलेले पाणी उपयोगी पडते. सऱ्या उताराला आडव्या ठेवा, परंतु त्यांचे तोंड ओढ्याकडे मोकळे राहील असे पाहा. तूर या तुकड्यात लावू नका, कारण साचलेल्या पाण्यात तिची मुळे लवकर कुजतात. ती वरच्या भागात घ्या आणि येथे सोयाबीन ठेवा. यंत्र भाड्याने घेणार असाल तर आजच नाव नोंदवून ठेवा, वाफसा आला की सगळ्या गावाला ते एकाच दिवशी हवे असते.