सुखोथाई पाहिलंय? तुमचा अनुभव लिहा

थायलंडला जाऊन आलेली मराठी माणसं आता घरोघरी भेटतात. पण बँकॉक-पट्टाया सोडून उत्तरेला सुखोथाईपर्यंत गेलेली फार थोडी. तेराव्या-चौदाव्या शतकातली ही राजधानी आज ऐतिहासिक उद्यान म्हणून जपली आहे आणि १९९१पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिकिटं, हॉटेलं यांची माहिती कुठेही मिळते. तुम्ही कशापुढे थांबलात, ते इथे लिहा.

सुरुवात मी करते. तळ्यातल्या बेटावर वाट सा सी आहे (वाट म्हणजे बौद्ध मंदिर). तिथे चालणारा बुद्ध पाहिला. बसलेला, उभा आणि अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातला पहुडलेला बुद्ध डोळ्यांत होता. इथे मात्र एक टाच उचललेली, एक हात सैल सोडलेला. कुणाला तरी भेटायला निघालेला बुद्ध! मूर्तीचं हे रूप सुखोथाईच्या कलावंतांनीच फुलवलं. मी त्याच्याभोवती फिरत राहिले, मुलं कंटाळून तळ्याकाठी जाऊन बसली.

*

नागपूरहून लिहितोय. आईला घेऊन गेलो होतो. वाट सी चुमचा मंडप बाहेरून नुसता चौकोनी, वर छप्पर नाही. समोरच्या उंच, अरुंद फटीतून आधी फक्त चेहरा दिसतो. आत पाऊल टाकलं की सुमारे १५ मीटर उंचीचा बुद्ध, भूमिस्पर्श मुद्रेत, म्हणजे उजव्या हाताची बोटं जमिनीकडे. मांडी जवळजवळ भिंतींना भिडलेली. उजव्या हाताच्या लांब बोटांवर भाविकांनी लावलेला सोन्याचा वर्ख.

आईने चपला काढल्या, गुडघे टेकले आणि 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स' सुरू केलं. शेजारी एक थाई आजी उदबत्ती लावत होत्या. त्यांनीही तेच धरलं. उच्चार निराळा, चाल निराळी, पण पाली तीच. त्रिसरणाला ('बुद्धं सरणं गच्छामि'ला) दोघी बरोबर आल्या. आई दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते, तिथे लाखोंमध्ये बसते. इथे तिला एकच सोबतीण मिळाली, तरी ती तितक्याच विश्वासाने म्हणत होती. नंतर आजींनी आईच्या हातात कमळाची कळी दिली.

त्या मंडपाच्या जाड भिंतीच्या पोटात जिना आहे, त्यात जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी) कोरलेल्या शिळा आहेत. वर जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच की या जागेला नुसते अवशेष समजून जाऊ नका. विटा ढासळल्या असतील, पूजा थांबलेली नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला आणि मूर्तीच्या चौथऱ्यावर चढू नका.

*

आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे सुखोथाईच्या मुख्य मंदिराच्या, वाट महाथातच्या आवारात शिरताच नजर खांबांवर गेली. जांभा! आमच्या घराच्या गडग्याचाच दगड. त्यावर पूर्वी चुन्याचा गिलावा असायचा, तो झडून आता भोकाभोकांचा तांबूस दगड उघडा पडलाय. छपरं लाकडाची होती, ती गेली. उरल्या खांबांच्या रांगा आणि मधोमध कमळकळीच्या आकाराचा उंच स्तूप. त्याच्या पायथ्याशी हात जोडून चाललेल्या भिक्षूंची रांग आहे. ती बघायला खाली बसावं लागतं, तेवढं बसाच.

दुसरी गोष्ट पाण्याची. पश्चिमेच्या डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवलं होतं आणि ते कालव्याने शहराकडे आणलं होतं. उद्यानातली तळी आज शोभेची वाटतात. तेव्हा शहर त्यांच्यावर जगत होतं. सायकल भाड्याने घेऊन त्या बांधापर्यंत जरूर जा.

*

सुखोथाई राहिलं, पण बँकॉकहून रेल्वेने अयुथ्या या दुसऱ्या जुन्या राजधानीला गेले होते. इथलं राज्य १७६७मध्ये ब्रह्मी फौजांनी उद्ध्वस्त केलं, आणि ते अजून दिसतं: रांगेने बसलेले बुद्ध, बहुतेकांना शिर नाही. त्या धडामागे आपलं डोकं ठेवून फोटो काढू नका, अशी तिथे पाट्यांवर विनंती आहे. झाडाच्या मुळांत गुंतलेलं ते प्रसिद्ध बुद्धमुख इथल्याच वाट महाथातमध्ये आहे (नाव तेच, पण सुखोथाईचं मंदिर वेगळं). त्याच्यासमोर फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाऊ द्यायचं नाही. शाळेच्या सहलीची मुलं न सांगता बसत होती. मला ते फार आवडलं.

*

सुखोथाईला जाणाऱ्यांनी सी सच्चनालय हे जुनं शहरही सोडू नये, रस्त्याने साधारण तासाभरावर आहे. तिथल्या वाट चांग लोममध्ये स्तूपाच्या चौथऱ्याभोवती जांभ्याचे हत्ती उभे आहेत. बहुतेकांच्या सोंडा तुटल्यात, तरी एकेक निरखण्यासारखा. गर्दी जवळजवळ नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा; एप्रिलमध्ये दुपारी उघड्यावर उभं राहवत नाही.