मदत हवी आहे: घरी मिसळलेल्या सी-४१ डेव्हलपरमधून येणारा गुलाबी धुरकटपणा

केशरीपट्टी:
तयार किट न वापरता सी-४१ (रंगीत निगेटिव्ह फिल्म डेव्हलप करण्याची प्रक्रिया) सुट्या रसायनांतून करतो आहे. फिल्म कोडॅक गोल्ड २००. एका लिटरसाठी प्रमाण:

पोटॅशियम कार्बोनेट (निर्जल) ३७.५ ग्रॅम
सोडियम सल्फाइट (निर्जल) ४.२५ ग्रॅम
पोटॅशियम ब्रोमाइड १.५ ग्रॅम
पोटॅशियम आयोडाइड २ मिलिग्रॅम
सीडी-४ (रंगीत डेव्हलपरमधलं मुख्य रसायन) ४.७५ ग्रॅम

मूळ सूत्रात २.४ ग्रॅम हायड्रॉक्सिलअमाइन सल्फेट आहे. ते मिळालं नाही म्हणून घातलेलं नाही. ३७.८ अंशांना ३ मिनिटं १५ सेकंद डेव्हलप, लगेच फेरीसायनाइड-ब्रोमाइड ब्लीच (चांदी विरघळण्याजोगी करणारं), धुणं, मग हायपो (ती काढून टाकणारा फिक्सर).

पहिल्या रोलवर चित्र नीट आलं, पण सगळीकडे गुलाबी झाक आहे, अगदी फिल्मच्या कडेच्या भोकांच्या मधल्या जागेतसुद्धा. चार दिवसांनी त्याच द्रावणात केलेला रोल फारच पातळ आला. प्रश्न तीन: झाक कशाची? हायड्रॉक्सिलअमाइनऐवजी सल्फाइट वाढवलं तर चालेल का? आणि पोटॅशियम कार्बोनेटऐवजी धुण्याचा सोडा?

हॅलाइड:
भोकांच्या मधे प्रकाश पोचलेलाच नसतो. तिथेही झाक आहे म्हणजे एक्स्पोजरचा संबंध नाही, भानगड रसायनात आहे.

पहिला संशय डेव्हलपरमधून थेट ब्लीचमध्ये जाण्यावर. जिलेटिनमध्ये मुरलेलं सीडी-४ फेरीसायनाइडमुळे जागच्या जागी ऑक्सिडाइझ होतं आणि समोर येईल त्या कपलरशी (फिल्ममधलं रंग बनवणारं रसायन) जोडलं जाऊन रंग तयार करतं. चांदीचा त्यात काही हात नसतो, म्हणून तो रंग फ्रेमच्या बाहेरही दिसतो. लॅबमध्ये फेरिक-ईडीटीए जातीचं, आम्लधर्मी ब्लीच असतं. तिथे डेव्हलपर आपोआप थांबतो. फेरीसायनाइड इतकं सोशिक नाही. मधे स्टॉप बाथ (डेव्हलपर थांबवणारं आम्लाचं पाणी) आणि भरपूर धुणं हवंच.

आधी एक चाचणी करा. खराब रोलचा तुकडा कापून उजेडातच पुन्हा ब्लीच करा, धुवा, पुन्हा फिक्स करा. झाक कमी झाली तर ती उरलेली चांदी होती आणि बाकीचा रोलही तसाच सुधारेल. फरक पडला नाही तर तो रंगच आहे, तो निघणार नाही.

पीएचवाला:
वरच्याशी सहमत, पण हायड्रॉक्सिलअमाइन वगळण्याचे परिणाम दोन आहेत आणि त्यातला एकच लोकांच्या लक्षात येतो.

लक्षात येणारा: द्रावण टिकत नाही. चार दिवसांत सीडी-४ हवेनेच संपलं, दुसरा रोल पातळ आला तो त्यामुळे. बाटलीतलं द्रावण कोऱ्या चहासारखं दिसत असेल.

न येणारा: हायड्रॉक्सिलअमाइन सल्फेट हा आम्लधर्मी क्षार आहे. तो काढला की याच प्रमाणात पीएच साधारण ०.३ ने वर जातो. तो असायला हवा १० ते १०.१ च्या दरम्यान. त्यापुढे फॉग (प्रकाश न लागलेल्या जागीही येणारा धुरकटपणा) आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही चढतात. म्हणजे तुमच्या झाकेत याचाही वाटा असणार.

सल्फाइट वाढवू नका. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते खुशाल १०० ग्रॅम टाकतात, इथे गणित उलटं आहे. ऑक्सिडाइझ झालेलं सीडी-४ कपलरला मिळायला हवं, सल्फाइट ते मधेच पळवतं आणि रंग फिका पडतो. सल्फाइट इतकं कमी ठेवता यावं म्हणूनच हायड्रॉक्सिलअमाइन घालतात. ते मिळेपर्यंत लागेल तेवढंच द्रावण करा, त्याच दिवशी वापरा आणि ओतून द्या.

धुण्याचा सोडा हिशेबाने चालतो: ३७.५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेटच्या जागी निर्जल सोडियम कार्बोनेट २८.८ ग्रॅम किंवा खडे असतील तर सुमारे ७७.५ ग्रॅम. पण किराणा दुकानातल्या खड्यांमधलं पाणी उडत राहतं, त्यामुळे वजनावर विश्वास ठेवता येत नाही. लॅब दर्जाचा निर्जल घ्या.

केशरीपट्टी:
पीएच कागदी पट्टीवर १० आणि ११ च्या मधे दिसतो. वजनकाटा स्वयंपाकघरातला, १ ग्रॅमचा.

पीएचवाला:
दोन्ही बदला. पट्टीवर १०.० आणि १०.४ सारखेच दिसतात आणि इथे सगळा खेळ त्याच अंतरात आहे. पेन मीटर ७ आणि १० च्या बफरवर लावून घ्या, द्रावण २५ अंशांवर आणून मोजा. जास्त निघाला तर खाण्याचा सोडा एकेक ग्रॅम घालत ढवळा, स्थिर झाल्यावर पुन्हा मोजा.

१ ग्रॅमच्या काट्यावर दीड ग्रॅम ब्रोमाइड म्हणजे अंदाजपंचे. ब्रोमाइडचं १० टक्के द्रावण करून ठेवा, त्यातले १५ मिली म्हणजे दीड ग्रॅम. आयोडाइड १ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवा, त्यातले २ मिली म्हणजे २ मिलिग्रॅम. सीडी-४ साठी ०.०१ ग्रॅमचा पॉकेट काटा लागेलच.

हॅलाइड:
क्रमही सांभाळा. ८०० मिली कोमट पाणी, त्यात कार्बोनेट, मग सल्फाइट, ब्रोमाइड, आयोडाइड, मिळालं तर हायड्रॉक्सिलअमाइन आणि सगळ्यात शेवटी सीडी-४. सल्फाइटच्या आधी सीडी-४ पडलं तर ते ढवळतानाच खराब व्हायला लागतं. पाणी डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या पाण्यात कार्बोनेट घातलं की कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो आणि तो फिल्मवर चिकटतो.

सीडी-४ त्वचेला लागू देऊ नका, एकदा अॅलर्जी जडली की जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. फेरीसायनाइड एरवी फार विषारी नाही, पण तीव्र आम्ल आणि उष्णतेत त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. बाथरूम धुवायचं अॅसिड ज्या मोरीत ओतता तिथे ब्लीच ओतू नका.

केशरीपट्टी:
तुकडा पुन्हा ब्लीच-फिक्स केला. झाक तशीच. मीटरवर ताज्या द्रावणाचा पीएच १०.४.

हॅलाइड:
मग रंगच आहे. झालेले रोल स्कॅन करताना बेस (फिल्मचा मूळ रंग) कोऱ्या पट्टीवरून घ्या, बरंच सावरेल. पुढचा रोल असा करा:

डेव्हलपर ३:१५, पीएच १०.०५ च्या आसपास आणून.
स्टॉप: एक टक्का अॅसेटिक आम्ल, १ मिनिट. ४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग.
धुणं ३ मिनिटं, पाणी पाच-सहा वेळा बदलून. इथे कंजुषी केली तर वरचं सगळं फुकट.
ब्लीच: फेरीसायनाइड ४० ग्रॅम आणि ब्रोमाइड २५ ग्रॅम लिटरला, ६ मिनिटं.
पुन्हा धुणं, पाण्याचा पिवळेपणा जाईपर्यंत. फेरीसायनाइड फिक्सरमध्ये गेलं तर हायपो खातं.
हायपोचे खडे २४० ग्रॅम अधिक सल्फाइट १० ग्रॅम लिटरला, १० मिनिटं. साधा हायपो अमोनियम थायोसल्फेटपेक्षा हळू चालतो, म्हणून एवढा वेळ.

आख्खा रोल घालण्याआधी दोन तुकडे करून बघा: एक उजेड लागलेल्या लीडरचा (रोलचं सुरुवातीचं टोक), एक अंधारात कापलेला कोरा. कोरा तुकडा लॅबमधून आलेल्या त्याच फिल्मच्या कडेशेजारी ठेवा. तो जास्त गडद दिसला तर रोलला हात लावू नका, आधी पीएच पुन्हा मोजा.