लेन्सचा माउंट घरी बदलावा, की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावा?

उघडझाप (धागाकर्ता)

दीड महिन्यापूर्वी वाऱ्याने ट्रायपॉड आडवा झाला आणि माझी १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) कॅमेऱ्यासकट जमिनीवर आपटली. काचांना ओरखडाही आला नाही, झूम आणि फोकस पूर्वीसारखेच फिरत होते. मात्र मागच्या प्लास्टिकच्या माउंटला, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याला, बॉडीत अडकणाऱ्या ज्या तीन पाकळ्या असतात, त्यांपैकी दोन मुळापासून तुटल्या होत्या. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला खर्च त्याच लेन्सच्या वापरलेल्या, पण सुस्थितीतल्या नगाच्या किमतीहून जास्त होता, आणि त्यात नेमके काय बदलणार असे विचारले तेव्हा "मागचा सगळा भाग" एवढेच उत्तर मिळाले. शेवटी मी सुटा माउंट मागवला आणि घरी बसवला.

काम तासाभराचे होते. माउंटचे चार स्क्रू, सोनेरी संपर्कबिंदूंची पट्टी धरून ठेवणारे दोन अगदी बारीक स्क्रू आणि त्या पट्टीतून आत गेलेली एक रिबिन केबल, एवढाच पसारा आहे. माउंट वर उचलताना तो सरळ ओढून काढायचा नसतो, कारण रिबिनीला जेमतेम बोटाच्या पेराएवढी मोकळीक असते. आधी पट्टी सुटी करून ती आतल्या बाजूला सोडावी लागते. माउंटखाली, स्क्रूंच्या भोकांपाशी, कागदाहून पातळ अशा तीन चकत्या ओशटपणाने चिकटलेल्या होत्या. या चकत्यांना शिम म्हणतात. कोणती चकती कोणत्या भोकापाशी होती हे मी पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून लिहून ठेवले आणि स्क्रूही त्याच पुठ्ठ्यात आपापल्या जागी टोचून ठेवले.

माझे मत असे आहे की, झिजणारा किंवा तुटणारा भाग स्क्रूंनी बसवलेला असेल आणि सुटा मिळत असेल, तर तो वापरणाऱ्याने स्वतः बदलणे हेच योग्य आहे. चार स्क्रूंच्या कामासाठी काचा धडधाकट असलेली लेन्स भंगारात जावी, हे मला पटत नाही. विरुद्ध मत असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कॉलिमेटर

मी बरीच वर्षे दुरुस्तीच्या टेबलावर काढली आहेत आणि माझे मत आपल्या मताच्या विरुद्ध आहे. आपण माउंटला झिजणारा भाग म्हटले आहे. माझ्या दृष्टीने तो मोजमापाचा पाया आहे. माउंटच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक प्रणालीत ठरलेले असते: निकॉन एफला ४६.५ मिमी, कॅनन ईएफला ४४ मिमी, सोनी ई ला १८ मिमी, निकॉन झेडला १६ मिमी. लेन्समधील प्रत्येक काच कुठे असावी याचा हिशेब या अंतरापासून सुरू होतो, आणि सुट्या भागांमध्ये राहणारा बारीक फरक कारखान्यात त्या एका नगापुरता भरून काढण्यासाठी आपण पाहिलेल्या चकत्या घातलेल्या असतात. त्या चकत्या जुन्या माउंटसह मोजून निवडलेल्या होत्या. माउंट बदलला की तो हिशेब पुन्हा करावा लागतो. चकत्या जागच्या जागी परत ठेवल्या म्हणजे काम झाले, असे होत नाही.

फरक किती बारीक असतो हे आकड्यांत सांगतो. २४ मिमीची लेन्स सेन्सरपासून फक्त ०.०५ मिमी जास्त दूर बसली, तर अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंवर, लावलेला फोकस प्रत्यक्षात सुमारे साडेअकरा मीटरवर येतो; नाभीय अंतराच्या (इथे २४ मिमी) वर्गाला त्या चुकीने भागले की हा आकडा मिळतो. फोकसच्या यंत्रणेत अनंताच्या पलीकडे थोडी जागा राखलेली असेल तर कॅमेरा ही चूक सावरून घेईल, पण ती जागा प्रत्येक लेन्समध्ये पुरेशी असतेच असे नाही.

कल, म्हणजे माउंट तिरका बसणे, ही त्याहून वाईट गोष्ट आहे, कारण तो फोकसने सावरता येत नाही. सुमारे ६० मिमी व्यासाच्या माउंटची एक बाजू ०.०५ मिमी वर राहिली, तर ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत प्रतिमेचे प्रतल ०.०३ मिमीने तिरपे होते. एफ १.४ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप मोठे उघडे असताना (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), आजच्या बारीक पिक्सेलसाठी ०.००५ मिमीचे अस्पष्टतेचे वर्तुळ (बिंदू पसरून होणारा, तरीही स्पष्ट मानला जाणारा ठिपका) धरले, तर सेन्सरपाशी फोकसची एकूण खोली ०.०१४ मिमीच भरते. म्हणजे चौकटीची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी मऊ येणार. वापरणारा मात्र महिनोन् महिने स्वतःच्या हातालाच दोष देत राहतो. अशी माणसे मी पाहिली आहेत. कॉलिमेटरवर, म्हणजे लेन्सचा फोकस तपासण्याच्या उपकरणावर, ही चूक काही मिनिटांत दिसते, घरच्या टेबलावर ती दिसत नाही.

बारीक पेच

मी स्वतः दुरुस्ती करण्याच्या बाजूचा आहे, पण धागाकर्त्यांनी स्क्रूंबद्दल एका ओळीतच आटोपले, तिथे थोडे थांबायला हवे होते. जपानी कॅमेऱ्यांतील अधिकच्या (+) खुणेसारखे दिसणारे स्क्रू हे फिलिप्स नसतात. ते जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस, असतात. फिलिप्सचे टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर सरकते आणि खाचेच्या कडा खाऊन टाकते. शिवाय यांतील बऱ्याच स्क्रूंना ते सैल होऊ नयेत म्हणून लाखेसारखा रंगीत थेंब लावलेला असतो. पहिलाच स्क्रू हलला नाही, तर जोर वाढवू नये. गरम सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर काही क्षण टेकवले की थेंब मऊ होतो आणि स्क्रू सुटतो. माउंट प्लास्टिकचा असेल तर मात्र हे फार जपून करावे. खाच गेलेला स्क्रू घेऊन सर्व्हिस सेंटरला जाणे हे सरळ तिथे जाण्यापेक्षा महाग पडते, एवढे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

जुनी रिळे

कॉलिमेटर यांच्या आकड्यांशी माझा वाद नाही. मात्र त्यांच्या प्रतिसादात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे सर्व्हिस सेंटर ही लेन्स घेईलच. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा आहे आणि कॅननचा ईएफ १९८७ सालचा. उत्पादन थांबल्यावर काही वर्षांनी कंपनी सुटे भाग ठेवणे बंद करते, आणि मग काउंटरवर "या मॉडेलची दुरुस्ती होत नाही" हे एकच वाक्य ऐकू येते. माझ्याकडे असलेल्या बहुतेक लेन्सच्या बाबतीत कारखान्याची दुरुस्ती हा पर्यायच उरलेला नाही. तिथे माझ्यासमोरचा प्रश्न स्वतः करावे की लेन्स कपाटात ठेवावी एवढाच असतो, आणि मी पहिला मार्ग निवडतो.

दुसरे असे की, काही माउंट मोडलेला नसतानाही बदलले जातात. लायका आर लेन्सचे अंतर ४७ मिमी आहे आणि कॅनन ईएफचे ४४. त्यामुळे मूळ माउंट काढून तीन मिलिमीटरची भर धरून बनवलेला ईएफ माउंट त्या जागी बसवला, की ती लेन्स अनंतापर्यंत फोकस करते. हे काम कोणताच कारखाना करून देणार नाही. ज्यांनी अशी लेन्स स्वतःच्या हाताने बसवली आहे, त्यांना जाडीतील फरक म्हणजे काय हे पुस्तकाबाहेर कळलेले असते. घरी काम करणारा मोजमाप करत नाही, हा समज मला अन्यायाचा वाटतो.

तिसरी बाजू

आतापर्यंत सगळे लेन्सबद्दल बोलत आहेत. हा धागा वाचून कोणी कॅमेऱ्याच्या बॉडीचा माउंट उघडायला बसू नये, म्हणून लिहिते. बॉडीच्या कड्यामागे लेन्स घट्ट धरणाऱ्या वाकलेल्या पातळ पट्ट्या असतात, कुलपाची पिन आणि तिची स्प्रिंग असते; कडे उचलताच त्या उडतात आणि कोणती कुठे होती हे पुन्हा कळत नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अंगचा फ्लॅश असलेल्या बॉडीत सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो भार बराच काळ टिकतो. माउंटचे कडे काढल्यावर तो लगेच समोर येतो असे नाही, पण हरवलेल्या स्प्रिंगच्या शोधात माणूस पुढचे आवरणही उघडतो, आणि अपघात तिथे होतो. बॉडी सर्व्हिस सेंटरलाच द्यावी, याबाबत मी तडजोड करणार नाही.

उघडझाप (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तिसरी बाजू यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. बॉडी मी उघडलेली नाही आणि उघडणारही नाही.

कॉलिमेटर यांना मात्र उत्तर द्यायचे आहे, कारण त्यांनी सांगितलेली चूक माझ्या हातून झाली होती आणि ती घरीच सापडली, हे मी पहिल्या लेखात लिहायला हवे होते. माउंट बसवून मी छतावर गेलो आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवर फोकस केला. ५५ मिमीला टाकीची शिडी पायरीपायरीने स्पष्ट दिसली. १८ मिमीला मात्र मोटर टोकापर्यंत जाऊन थांबत होती आणि तरीही शिडी पुसट राहत होती, तर चार पावलांवरचा कठडा लख्ख येत होता. आधी रिबिन दुखावली असावी असे वाटले. मग खाली येऊन जुना आणि नवा माउंट मायक्रोमीटरने मोजला: नवा ०.१ मिमी जाड होता. १८ चा वर्ग ३२४, त्याला ०.१ ने भागले तर ३,२४० मिमी, म्हणजे सव्वातीन मीटर. कठडा जवळपास तेवढ्याच अंतरावर होता. ५५ मिमीला तीच चूक तीस मीटरवर जाते आणि बहुधा राखीव जागेत सावरली जाते. त्या तीन चकत्याही प्रत्येकी ०.१ मिमीच्याच निघाल्या, म्हणून तिन्ही काढून टाकल्या आणि शिडी दिसू लागली.

कलाबद्दल: किट लेन्स १८ मिमीला एफ ३.५ च्या वर उघडतच नाही. लहान सेन्सरसाठी ०.०२ मिमीचे वर्तुळ धरले, तर फोकसची खोली ०.१४ मिमी भरते, म्हणजे आपण सांगितलेल्या एफ १.४ च्या दहापट. कस वेगळा लावला आहे हे मला मान्य आहे, पण या लेन्सकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवतो. या लेन्सला कारखान्याची अचूकता लागतेच, हे म्हणूनच मला पटत नाही.

कॉलिमेटर

आपण माउंट मोजला, याचा मला खरोखर आनंद झाला. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ जण मोजत नाहीत. तरीही माझा आक्षेप मागे घेत नाही. आपली चूक ०.१ मिमीची होती म्हणून ती डोळ्यांना दिसली. ०.०३ ची असती, तर टाकीची शिडी "ठीक" दिसली असती आणि आपण थांबला असता. शिवाय आपण जाडी एकाच जागी मोजली असावी असे लिखाणावरून वाटते. माउंट प्रत्येक स्क्रूच्या भोकापाशी मोजावा. त्यानंतर एकाच दूरच्या, बारीक तपशिलाच्या वस्तूवर मधोमध फोकस करून तो तिथेच कायम ठेवावा, आणि कॅमेरा वळवून ती वस्तू आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून पूर्ण उघड्या छिद्रावर छायाचित्रे घ्यावीत. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर तो लेन्सचा स्वभाव आहे. समोरासमोरचे दोन कोपरे वेगळे दिसले, तर माउंट तिरका असू शकतो.

आणखी एक प्रश्न विचारतो. नवा माउंट धातूचा आहे का? असेल, तर पुढच्या वेळी पडल्यावर पाकळ्या तुटणार नाहीत, पण तो धक्का बॉडीच्या कड्यापर्यंत पोहोचेल. आपल्या प्लास्टिकच्या माउंटने तुटून बॉडी वाचवली असण्याची शक्यता मी नाकारणार नाही.

बारीक पेच

धातू-प्लास्टिकच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. वारंवार लेन्स बदलणाऱ्याच्या हातात प्लास्टिकच्या पाकळ्या झिजतात, लेन्स बॉडीत हलू लागते आणि तो हलका खडखडाट म्हणजे रोजचा, सतत बदलणारा कल असतो. पडण्याची भीती वर्षातून एकदा, झीज मात्र दररोज. मी धातूचाच बसवतो.

उघडझाप (धागाकर्ता)

माउंट धातूचा आहे. काल तो पुन्हा काढला आणि चारही भोकांपाशी मोजला: तीन ठिकाणी सारखाच आकडा आला, चौथ्या ठिकाणी ०.०२ मिमी कमी. कोपऱ्यांची छायाचित्रेही घेतली. १८ मिमीला एफ ३.५ वर खालचा डावा कोपरा वरच्या उजव्यापेक्षा किंचित मऊ आहे; एफ ५.६ ला हा फरक मला दिसत नाही. कॉलिमेटर यांचे म्हणणे इथे खरे ठरले, हे मान्य करतो. ही लेन्स मी अशीच वापरणार आहे, कारण तिने मी प्रवासातली दृश्ये एफ ८ वर टिपतो.

माझ्याकडे ८५ मिमी, एफ १.८ चीही एक लेन्स आहे. तिचा माउंट थोडा सैल झाल्याचे मला गेले वर्षभर जाणवते आहे, आणि तिच्यासाठीही सुटा माउंट मागवून ठेवला होता. तो मी परत पाठवला असून लेन्स सोमवारी सर्व्हिस सेंटरला देणार आहे. देताना कोणता आकडा मागून घ्यावा, म्हणजे दुरुस्तीनंतर माउंटचे अंतर आणि कल मोजल्याची नोंद ते लेखी देतात का, हे कॉलिमेटर यांनी सांगितले तर बरे होईल.