मदत हवी आहे : कार्यालयीन वेळेनंतरच्या संदेशांबाबत लेखी नियम कसा मांडावा?

मी पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. आमचे काम सायंकाळी साडेसहाला संपते, परंतु विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री अकरापर्यंत सूचना येत राहतात आणि संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसताच उत्तराची अपेक्षा धरली जाते. मुलीचा अभ्यास घेताना माझे अर्धे लक्ष फोनकडे असते, हे आता तिच्याही लक्षात आले आहे आणि मला ते फार लागते.

फ्रान्समध्ये 2017 पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात; ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये कामाच्या वेळेनंतर संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे कंपनीअंतर्गत नियम हाच मार्ग मला दिसतो.

आपल्यापैकी कोणाच्या कार्यालयात असा लेखी नियम आहे का? महिनाअखेरच्या खऱ्या तातडीची व्याख्या त्यात कशी केली आहे? आणि वरिष्ठांना तक्रार न वाटता हा प्रस्ताव मनुष्यबळ विभागाकडे कसा मांडावा, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.