मदत हवी: पेंढ्याच्या लिग्निनचं रेझिन, प्लाय उकळताना सुटतोय

पेंढेवाला:
काळ्या लिकरमधून (पेंढा शिजवल्यावर उरलेल्या काळ्या पाण्यातून) लिग्निन, म्हणजे पेंढ्याचे तंतू बांधून ठेवणारा घटक, काढलं, फिनॉल रेझिनमध्ये निम्मं घातलं. प्लाय कोरडा असताना घट्ट, पण उकळायला टाकला की तासाभरात थर सुटतात. लिग्निन गाळायलाही अख्खा दिवस जातो, कापडावर चिखल बसतो. लवकर सांगा, पुढचा घाणा लावायचाय.

रेझोल८५:
कुठला पेंढा? आम्ल घालताना लिकर गरम होतं का? प्रेस किती अंशांवर, किती वेळ? आणि ‘घातलं’ म्हणजे रेझिन शिजवताना की तयार रेझिनमध्ये?

सोयापीठ:
लिग्निनचा नाद सोडा. तेल काढलेलं सोयापीठ ३० भाग, पाणी ७० भाग, लावायच्या आधी पीएई (जोड पक्का करणारं रेझिन) मिसळा. फिनॉल रेझिनला लागतं ते फॉर्मॅल्डिहाइड इथे लागतच नाही.

रेझोल८५:
सोयापेंड जनावरं खातात, ती पेंढ्यासारखी टाकाऊ कुठे? शिवाय ७० टक्के पाण्याची प्रेसमध्ये वाफ होते आणि प्लायला फोड येतात.

सोयापीठ:
व्हिनियर (प्लायचे पातळ लाकडी थर) ५-६ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, दाब हळूहळू सोडा. फोड येत नाहीत.

पेंढेवाला:
भाताचा पेंढा, कॉस्टिक सोड्यात शिजवलेला. लिकर थंड होतं, सल्फ्युरिक घालून थेट पीएच २. लिग्निनची पूड तयार रेझोलमध्ये, म्हणजे त्या फिनॉल रेझिनमध्ये, ढवळली. प्रेस १२५ अंश, ५ मिनिटं, ६ मिमी प्लाय.

राखपरीक्षा:
तो चिखल सिलिकाचा. भाताच्या पेंढ्यातली सिलिका कॉस्टिकमध्ये विरघळते आणि आम्ल घातलं की जेल होऊन लिग्निनसोबत खाली बसते. आधी पातळ आम्लाने सावकाश पीएच १०च्या जरा खाली आणा, गाळ काढा. ९च्या खाली गेलात तर लिग्निनही गाळात जाईल. मग ६०-७० अंशांवर पीएच २. गरम असताना कण जाड होतात, झटकन गाळले जातात. पहिली धुलाई पीएच २च्या पाण्याने करा. साध्या पाण्याने सुरुवात केली की कण पुन्हा फुटून कापडात अडकतात.

खळ:
कागदी पिशव्यांना मक्याच्या स्टार्चची खळ, थोडं कॉस्टिक आणि बोरॅक्स पुरे.

रेझोल८५:
इथे प्लायचं चाललंय. @पेंढेवाला, तयार रेझोलमध्ये ढवळलेली पूड निव्वळ भरणी ठरते, ती रेझिनच्या जाळ्यात बांधलीच जात नाही. शिवाय लिग्निनमध्ये उरलेलं आम्ल रेझोलचं कॉस्टिक खातं. आधी फिनॉल-कॉस्टिकमध्ये लिग्निन ८५-९० अंशांवर तासभर शिजवा. ६० अंशांवर आणून फॉर्मेलिन (फॉर्मॅल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) थेंबाथेंबाने सोडा. एकदम ओतलंत तर तापमान हाताबाहेर जातं. १०० ग्रॅम फिनॉलला ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन साधारण १७० ग्रॅम. मग चिकटपणा येईपर्यंत ८०-८५. लिग्निन आधी ३० टक्केच ठेवा. प्रेस १५० अंश, ८ मिनिटं. मधल्या थरात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालून बघा, १२५ला गाभा कच्चाच राहतो.

पेंढेवाला:
लिग्निन जाळून पाहिलं, राख १७ टक्के! हेच लिग्निन पुन्हा कॉस्टिकमध्ये विरघळवून वाचवता येईल का?

राखपरीक्षा:
येईल, पण वाळलेली सिलिका सहज विरघळत नाही. न विरघळलेला गाळ आधी काढा, मग वरचेच दोन टप्पे.